द्राक्षबागेची यंत्रसामग्री व सागरी वाहतूक : सातारा व सांगली जिल्हे

द्राक्षवेलीच्या लागवडीसाठी जमीन तयार करण्यापासून फळावरील प्रक्रियेपर्यंत लागणारी नांगर, पंप, फवारणी यंत्रे, बेदाणा निवडण्याची यंत्रे, वाइनसाठी लागणारी चुरणी-यंत्रे व दाबयंत्रे ही सर्व द्राक्षबागेची यंत्रसामग्री होय. महाराष्ट्रात ही सामग्री मूळची बहुतांशी समुद्रमार्गे आली. कृष्णाखोऱ्यातील सातारा व सांगली या जिल्ह्यांत तिचा इतिहास सुमारे सव्वाशे वर्षांचा असून तो दोन धाग्यांनी विणलेला आहे. परदेशी यंत्राची आयात हा एक धागा. आलेले यंत्र खोलून, त्यातील न जुळणारे भाग बदलून ते येथेच घडविणे हा दुसरा. जे यंत्र गावच्या कारखान्यात दुरुस्त होऊ शकले ते टिकले; ज्याचा सुटा भाग दर वेळी जहाजाने मागवावा लागला ते बहुधा गोदामात पडून राहिले, असा या भागाचा अनुभव आहे.

प्रशासकीय दृष्ट्या हे दोन जिल्हे दीर्घकाळ एकमेकांत गुंतलेले होते. संस्थानांच्या विलीनीकरणानंतर १९४९ मध्ये दक्षिण सातारा हा जिल्हा निर्माण झाला व १९६० मध्ये त्यास सांगली हे नाव मिळाले. तासगाव, पलूस, मिरज, कवठे महांकाळ, खानापूर व जत हा सांगलीचा द्राक्षपट्टा होय. साताऱ्यात द्राक्षाखालील क्षेत्र तुलनेने थोडे आहे. मात्र यंत्रनिर्मितीच्या इतिहासात साताऱ्याचा वाटा सांगलीच्या बरोबरीने मोजावा लागतो.

विसाव्या शतकाच्या आरंभी मुंबई इलाख्यात येणाऱ्या लोखंडी नांगरांत इंग्लंडमधील इप्सविच येथील रॅन्सम्स कंपनीचे नांगर प्रमुख होते. या कंपनीचा संस्थापक रॉबर्ट रॅन्सम याने १८०३ मध्ये शीतित बिडाच्या फाळाचे एकस्व घेतले होते. वितळलेले बीड साच्यात ओतताना फाळाची खालची बाजू लोखंडी तळावर झटकन थंड होते व अतिशय कठीण बनते. वरची बाजू वाळूत सावकाश निवते व तुलनेने मऊ राहते. त्यामुळे नांगरताना वरचा थर आधी झिजतो आणि फाळाची धार आपोआप तीक्ष्ण राहते. दख्खनच्या काळ्या जमिनीत हरळी व कुंदा यांची खोल मुळे उपटण्यास हा नांगर लाकडी नांगरापेक्षा निःसंशय सरस होता. अडचण होती ती फाळाची. फाळ झिजे, दगडावर आदळून फुटे, आणि नवा फाळ मिळेपर्यंत पेरणीचा वाफसा निघून जाई. परदेशी नांगर विकत घेणारा शेतकरी वस्तुतः त्याबरोबर समुद्रापलीकडील ओतशाळेवरचे अवलंबित्वही विकत घेत असे.

लक्ष्मणराव काशीनाथ किर्लोस्कर (१८६९–१९५६) यांनी नेमकी हीच गोष्ट हेरली. मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली तंत्रशिक्षण संस्थेत अध्यापन केल्यानंतर त्यांनी बेळगावात सायकलींचे दुकान चालविले, कडबा कापण्याची यंत्रे केली व १९०३ च्या सुमारास लोखंडी नांगर तयार केला. लोखंडाने जमीन विषारी होते, अशी समजूत शेतकऱ्यांत असल्याने पहिले नांगर खपण्यास सुमारे दोन वर्षे लागली. या समजुतीची थट्टा करण्याचा प्रघात आहे, परंतु ती पुरती न्याय्य नाही. ज्या कुटुंबाकडे एकच बैलजोडी आहे व एकच हंगाम आहे त्याने अपरिचित अवजारावर वर्षाचे पीक लावू नये, यात शहाणपणही होते. शेजाऱ्याच्या शेतातील नांगरट प्रत्यक्ष पाहिल्यावर हाच शेतकरी गिऱ्हाईक झाला.

बेळगाव नगरपालिकेने जागा सोडावयास लावल्यानंतर औंध संस्थानचे अधिपती बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी कुंडल रोड या रेल्वे-स्थानकाजवळची निवडुंगाने भरलेली ३२ एकर माळजमीन देऊ केली. तेथे १९१० मध्ये किर्लोस्करवाडी वसली. पुढे रेल्वे-स्थानकासही तेच नाव मिळाले. ही वसाहत आज पलूस तालुक्यात, म्हणजे द्राक्षपट्ट्याच्या ऐन मध्यावर आहे. साताऱ्याकडील कारखान्याची कथाही रेल्वेशीच निगडित आहे. धनजीशहा कूपर यांनी १९२२ मध्ये स्थापन केलेल्या उद्योगाचे काम सातारा शहरापासून बरेच दूर असलेल्या सातारा रोड स्थानकालगत वाढले. नांगर, उसाचे चरक, भुईमुगाच्या शेंगा फोडण्याची यंत्रे व पुढे डिझेल एंजिने ही तेथील मुख्य उत्पादने होती. कूपर हे १९३७ मध्ये एप्रिल ते जुलै या काळात मुंबई प्रांताचे पंतप्रधानही होते. या उद्योगाची सूत्रे १९४० च्या सुमारास वालचंद उद्योगसमूहाकडे गेली. दोन्ही कारखाने ‘रोड’ हे उपपद असलेल्या, म्हणजे गावापासून दूर पडलेल्या स्थानकांशेजारी उभे राहिले. बिडाचे गोळे, कोक आणि तयार नांगर यांसारखा जड माल बैलगाडीने लांबवर नेणे परवडणारे नव्हते.

रेल्वेनेही सर्व अडचण दूर झाली नव्हती. पुणे–मिरज हा लोहमार्ग मीटरमापी, तर मुंबई–पुणे मार्ग रुंदमापी होता. मुंबई बंदरात उतरलेली पेटी पुण्यापर्यंत एका डब्यातून येई व तेथे हमालांकरवी दुसऱ्या डब्यात चढविली जाई. ओतीव लोखंड ठिसूळ असल्याने यंत्राचे पाय, कड्या व चाके यांना तडे जात, ते बहुधा अशा चढउतारीत. पुणे–कोल्हापूर मार्ग रुंदमापी होण्यास १९७१ साल उजाडले. बंदरापासून कारखान्यापर्यंत माल न उतरविता नेण्याची सोय अशा रीतीने यंत्रयुगाच्या बऱ्याच उशिरा झाली.

पहिल्या महायुद्धाने (१९१४–१८) या अवलंबित्वाची कसोटी घेतली. जहाजे युद्धकार्याकडे वळली, भाडे व विमा महागला आणि इंग्लंडमधील कारखाने युद्धसाहित्य करू लागले. परदेशी नांगरांची आवक रोडावल्यामुळे देशी नांगरास बाजारपेठ मोकळी झाली. परंतु त्याच कारणाने बीड, कोक व रंग हेही दुर्मिळ झाले. युद्धाने देशी उद्योग वाढविला, हे विधान म्हणून अर्धेच खरे आहे: ज्यांच्याकडे पर्यायी कच्चा माल शोधण्याची धडपड होती त्यांनाच ती संधी साधता आली. युद्धोत्तर काळात, १९२० मध्ये, किर्लोस्कर ब्रदर्स ही मर्यादित कंपनी झाली. त्याच वर्षी नांगरांची माहिती गिऱ्हाइकांपर्यंत पोहोचविण्यासाठी ‘किर्लोस्कर खबर’ हे पत्रक निघाले. फाळ व चरक यांच्या जाहिरातीतून जन्मलेल्या या पत्रकाचे पुढे मराठीतील एका अग्रगण्य मासिकात रूपांतर झाले. १९२६ च्या सुमारास किर्लोस्करवाडीत अपकेंद्री पंप तयार होऊ लागले. मोटेच्या पाण्यावर चार-दोन गुंठे बाग जगे. एकरांची बाग पंपाखेरीज शक्य नव्हती. त्या दृष्टीने सांगलीच्या द्राक्षशेतीची पूर्वतयारी ती शेती सुरू होण्याआधी तीन-चार दशके झालेली होती.

फवारणी यंत्रांचा उगम मात्र फ्रान्समधील आहे, आणि त्यामागेही जहाजेच आहेत. एकोणिसाव्या शतकात अमेरिकेतून यूरोपात गेलेल्या रोपांबरोबर भुरी, फायलोक्झेरा ही मुळांवरील कीड आणि १८७८ मध्ये केवडा अशी संकटे एकामागून एक तेथे पोहोचली. केवड्यावर मोरचूद व चुना यांचे मिश्रण गुणकारी ठरते, हे बॉर्दो येथील मिलार्दे यांनी १८८५ मध्ये प्रसिद्ध केले. हेच मराठी बागाइतदारांचे बोर्डो मिश्रण होय. औषध मिळाले, पण ते पानाच्या दोन्ही बाजूंस सूक्ष्म तुषारांनी बसले पाहिजे, ही अट होती. व्हिक्टर व्हेर्मोरेल यांनी व्हिलफ्रांश येथे पाठीवर बांधावयाचा तांब्याचा पंप तयार केला व तो जगभर निर्यात होऊ लागला. रोग ज्या समुद्रमार्गांनी पसरला त्याच मार्गांनी त्यावरील यंत्रही पसरले. भारतात स्वातंत्र्याच्या सुमारास देशी फवारणी पंपांचे उत्पादन सुरू झाले. मुंबईतील मालाड येथील अमेरिकन स्प्रिंग अँड प्रेसिंग वर्क्स (आस्पी) हा १९४६ मधील उद्योग त्यांपैकी विशेष प्रसिद्ध आहे.

सांगली जिल्ह्यात व्यापारी द्राक्षशेती १९६० नंतर फोफावली. याच वर्षी महाराष्ट्र राज्य द्राक्ष बागाईतदार संघ स्थापन झाला. भोकरी व अनाब-ए-शाही यांच्यानंतर थॉमसन सीडलेस या बिनबियांच्या वाणाने बागा व्यापल्या. तासगाव तालुक्यातील बोरगावचे वसंतराव आर्वे यांनी त्यातून निवडलेला तास-ए-गणेश हा वाण दूरवर पसरला. पर्जन्यछायेतील कोरडी हवा आणि विहिरीचे पाणी यांवर ही शेती उभी राहिली. पुढे ताकारी व म्हैसाळ या उपसा सिंचन योजनांनी कृष्णेचे पाणी दुष्काळी भागात नेले.

येथील बाग आणि यूरोपातील बाग यांत मूलभूत भेद आहे व यंत्रांच्या दृष्टीने तोच निर्णायक ठरतो. यूरोपात वेल हिवाळ्यात निद्रिस्त असते, एकदाच छाटली जाते व तारेच्या उभ्या कुंपणावर वाढते. महाराष्ट्रात ती कधीच पूर्ण झोपत नाही. एप्रिलच्या सुमारास खरड छाटणी व ऑक्टोबरच्या सुमारास फळछाटणी अशा दोन छाटण्या कराव्या लागतात आणि वेल मांडवावर किंवा ‘वाय’ आकाराच्या लोखंडी आधारावर चढविली जाते. अमेरिकेत १९६० नंतरच्या दशकात विकसित झालेली आणि फ्रान्समध्ये ब्रो या कंपनीने १९७५ पासून बनविलेली काढणी-यंत्रे वेलींच्या रांगेवरून दोन्ही बाजूंस चाके ठेवून चालतात व वेल हलवून मणी पाडतात. मांडवाखाली असे यंत्र शिरूच शकत नाही. शिवाय येथील फळ मुख्यतः खाण्याचे. त्याचा घड कात्रीने देठासह अलगद कापावा लागतो, मण्यावरील नैसर्गिक लव बोटांनी पुसली तरी भाव उतरतो. त्यामुळे यूरोपातील सर्वांत महागडे द्राक्षयंत्र सांगलीला कधीच उपयोगी नव्हते. ही बाब यंत्रप्रदर्शने पाहून आलेल्या उत्साही मंडळींच्या ध्यानात येण्यास काही काळ जावा लागला.

उपयोगी होते ते फवारणीचे यंत्र. ऑक्टोबर छाटणीनंतर अवकाळी पाऊस झाल्यास दोन-तीन दिवसांत केवडा बाग बसवितो आणि तेवढ्या अवधीत संपूर्ण बाग फवारून झाली पाहिजे. पाठीवरच्या पंपाने हे जमत नसे. एंजिनावर चालणारा पंप व लांब नळी यांची जोड (बागाइतदारांच्या बोलीत ‘एसटीपी’) आल्यावर वेग वाढला. पण नळी ओढणारा मजूर डोक्यावरील मांडवातून ठिबकणाऱ्या औषधाने दिवसभर भिजत राही. पंख्याच्या झोताने तुषार उडविणारे, ट्रॅक्टरला जोडावयाचे ‘ब्लोअर’ ही पुढची पायरी होय. त्यांचा नमुना यूरोपीय, विशेषतः इटालियन होता. परंतु १९४७ च्या आयात-निर्यात नियंत्रण कायद्याखाली परवान्यावाचून यंत्र आणता येत नसे, आणि एकट्या बागाइतदारास परवाना मिळविणे जवळजवळ अशक्य होते. परवानापद्धतीचे दोष सर्वश्रुत आहेत. तथापि या एका क्षेत्रात तिचा अनपेक्षित परिणाम असा झाला, की गावोगावच्या कारखान्यांनी टाकी, सांगाडा व पंखा स्वतः घडविण्याचे कसब मिळविले. १९९१ नंतर आयात सुलभ झाली तेव्हा संपूर्ण ब्लोअरऐवजी त्यातील पडदापंप व तोट्या एवढेच अवघड भाग परदेशातून आणावयाचे, बाकीचे येथे करावयाचे, हा व्यवहार रूढ झाला. टाकीचे आकारमान, झोताची दिशा व चाकांतील अंतर मांडवाच्या उंचीनुसार व दोन ओळींतील नऊ-दहा फुटांच्या वाटेनुसार बदलण्यात आले. त्या वाटेतून जाणारे लहान ट्रॅक्टर आधी जपानी तंत्रावर आधारलेले होते. कालांतराने देशी कंपन्यांनीही ते बाजारात आणले.

बेदाण्याच्या बाबतीत समुद्रापलीकडून यंत्रापेक्षा पद्धती आली. पोटॅशियम कार्बोनेट व एथिल ओलिएट यांच्या पायसात घड बुडविले असता मण्यावरील मेणाचा थर सैल होतो व आतील पाणी लवकर सुटते. जाळीच्या मांडण्यांवर, छपराच्या सावलीत वाळविण्याची ही रीत ऑस्ट्रेलियातील आहे. हे काम तासगावच्या मार्चमधील कोरड्या वाऱ्यात सुमारे पंधरवड्यात होते. मांडण्या, जाळ्या व छपरे हे सर्व स्थानिक. बाहेरून येई ते केवळ बुडवणीचे तेल. देठ काढणे, धुणे व आकारानुसार निवडणे यांसाठीची यंत्रे सांगली परिसरातच बनू लागली. सांगलीच्या बेदाण्यास २०१६ मध्ये भौगोलिक निर्देशांक मिळाला.

वाइनच्या यंत्रांची गोष्ट याच्या उलट आहे. महाराष्ट्रात आधुनिक वाइननिर्मितीचा आरंभ १९८० नंतरच्या दशकात पुणे जिल्ह्यातील नारायणगाव येथे फ्रेंच तंत्रसाहाय्याने झाला. ओमर खय्याम ही तेथील फेसाळ वाइन परदेशातही गेली. महाराष्ट्र शासनाने २००१ मध्ये द्राक्षप्रक्रिया उद्योगाचे धोरण जाहीर करून नाशिक जिल्ह्यात विंचूर व सांगली जिल्ह्यात पलूस येथे वाइन उद्याने नियोजित केली. पलूसचे हे कृष्णा खोरे वाइन उद्यान किर्लोस्करवाडीपासून हाकेच्या अंतरावर आहे.

अशा प्रकारच्या यंत्रांची सागरी वाहतूक हे एक स्वतंत्र कसब आहे. घड चुरून देठ वेगळे करणारे यंत्र व रबरी पिशवी फुगवून रस काढणारे दाबयंत्र ही अगंज पोलादाची असतात. १९५० नंतरच्या दशकात जर्मनीत विकसित झालेल्या या दाबयंत्राचे पिंप आकाराने मोठे पण आतून पोकळ असते, त्यामुळे जहाजभाडे वजनापेक्षा व्यापलेल्या जागेवर आकारले जाते व मूळ किमतीच्या मानाने जड पडते. विजेच्या मोटरी व नियंत्रण-पेट्या खाऱ्या हवेपासून जपण्यासाठी ओलावा शोषणाऱ्या पुड्यांसह हवाबंद आवरणात ठेवाव्या लागतात. उघड्या यंत्रभागांस ग्रीझचा लेप देतात. बाहेरच्या लाकडी पेटीतून खोडकिडे एका देशातून दुसऱ्या देशात जाऊ नयेत म्हणून २००२ मध्ये आंतरराष्ट्रीय मानक ठरले. त्यानुसार पेटीचे लाकूड ठरावीक तापमानास तापवून किंवा धुरी देऊन त्यावर शिक्का मारलेला असावा लागतो. वापरलेले यंत्र असल्यास त्यावरील मातीचा कण न् कण धुवावा लागतो, कारण फायलोक्झेरा मातीबरोबर प्रवास करते. शिक्क्याच्या वा कागदपत्रांच्या त्रुटीसाठी पेटी बंदरात अडकली तर दरदिवशी विलंबशुल्क चढत जाते. १९८९ मध्ये न्हावा-शेवा येथील बंदर सुरू झाल्यानंतर पेटाऱ्यांतून (कंटेनर) होणारी ही वाहतूक मुख्यत्वे तेथून होते.

या सर्वांहून नाजूक प्रश्न वेळेचा आहे. उत्तर गोलार्धातील कारखाने आपली यंत्रे ऑगस्ट–ऑक्टोबरच्या सुगीसाठी तयार करतात व त्यानंतर त्यांचे तंत्रज्ञ मोकळे होतात. कृष्णाखोऱ्यातील सुगी फेब्रुवारी–मार्चमध्ये येते. मागणी वेळेवर गेल्यास ही स्थिती सोयीचीच आहे. पण कर्जमंजुरी लांबली, जहाज चुकले व यंत्र एप्रिलमध्ये पोहोचले, तर वर्षभराचे व्याज देऊन ते पुढील हंगामापर्यंत झाकून ठेवावे लागते. वर्षातून सहा-आठ आठवडेच चालणाऱ्या दाबयंत्राचा भांडवली भार लहान सहकारी वा कौटुंबिक उद्योगास पेलणे मुळातच अवघड असते. २००८ च्या जागतिक मंदीनंतर वाइनची मागणी घटली, साठे पडून राहिले व राज्यातील अनेक लहान उद्योग बंद पडले. पलूसच्या उद्यानाचा अपेक्षित विस्तार झाला नाही. वाइनचे केंद्र नाशिकमध्येच स्थिरावले आणि सांगलीने बेदाणा व खाण्याचे द्राक्ष यांवरच भर ठेवला. येथे हवामान किंवा कौशल्य कमी पडले, असे म्हणता येत नाही. बेदाण्याची जाळी फाटली तर ती गावात शिवता येते, माल न खपल्यास शीतगृहात ठेवता येतो. या व्यवहारी सुरक्षिततेपुढे परदेशी दाबयंत्राचे आकर्षण टिकले नाही.

ताज्या द्राक्षांच्या निर्यातीने यंत्रांची आणखी एक शाखा आणली. १९९१ मध्ये सहकारी संस्थांच्या भागीदारीतून महाग्रेप्स ही संस्था निर्माण झाली. घड कापल्यापासून काही तासांत थंड हवेच्या झोताने त्याचे तापमान शून्य अंश सेल्सिअसच्या जवळ आणणारी पूर्वशीतन केंद्रे, बुरशी रोखण्यासाठी पेटीत सल्फर डाय-ऑक्साइड सोडणारे कागद व शीतपेटारे ही साखळी यूरोपच्या बाजारासाठी आवश्यक ठरली. त्या साखळीतील सर्वांत कच्चा दुवा मात्र शीतयंत्रात नव्हता, तो बागेतील फवाऱ्यात निघाला. २०१० मध्ये क्लोरमेक्वॅट क्लोराइड या वाढनियंत्रकाचे अंश यूरोपीय मर्यादेहून अधिक आढळल्याने महाराष्ट्रातून गेलेले पेटारे यूरोपच्या बंदरांत अडकले व बागाइतदारांना मोठा तोटा सोसावा लागला. पूर्वी बोटभर औषध अधिक पडले तर चालते अशी धारणा असे. त्यानंतर तोटीच्या छिद्राचा व्यास, टाकीतील दाब व ट्रॅक्टरचा वेग यांचा हिशेब ठेवणे निर्यातदार बागाइतदारास भाग पडले, आणि ब्लोअर घडविणाऱ्या स्थानिक कारखान्यांकडे मोजमापाची मागणी प्रथमच इतक्या काटेकोरपणे होऊ लागली.

यंत्रांचा प्रवाह एकाच दिशेने राहिला नाही. किर्लोस्करवाडीत तयार झालेले पंप परदेशी जाऊ लागले आणि २००३ मध्ये किर्लोस्कर ब्रदर्सने इंग्लंडमधील एसपीपी पंप्स ही कंपनी विकत घेतली. ज्या देशातून शतकापूर्वी फाळ मागवावा लागत असे, तेथील एका पंपनिर्मात्याची मालकी कुंडलच्या माळावर वाढलेल्या कंपनीकडे आली. किर्लोस्करवाडीची ओतशाळा आता नांगरांसाठी नव्हे, पंपांसाठी चालते. लगतच्या बागांतील नांगरटीचे काम ट्रॅक्टरने होते, आणि त्याच्या अवजारांचे फाळ तासगाव–पलूसच्या बाजारात कोणत्याही दिवशी मिळतात.